जोकर जिवंत आहे तो तुमच्यामुळे

सुपरहिरो कॉमिक्सच्या संपादक आणि लेखक मंडळींना,

स. न. वि. वि.

बॅटमॅन आपल्या कट्टर वैऱ्याला, विदूषकी खुनी जोकरला, मारून का टाकत नाही, हा वाद आम्हा वाचकांत वर्षानुवर्षं चालला आहे. एक बाजू म्हणते, एकदाच मानगूट मोडली असती तर शेकडो माणसं वाचली असती. दुसरी म्हणते, मारलं तर दोघांत फरक काय राहिला? दोन्हीकडचे मुद्दे इतके पाठ झाले आहेत की समोरच्याचं अर्धं वाक्य आपणच पुरं करून द्यावं. या भांडणात तुम्हाला मात्र कुणी साक्षीला बोलावत नाही. बॅटमॅनला जाब विचारून काय मिळणार, तो बिचारा तुम्ही फुग्यात लिहाल तेच बोलणार. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

१९४० साली निघालेला 'बॅटमॅन'चा पहिला अंक पुन्हा उघडून बघा. जोकर पहिल्यांदा त्यातच आला. त्याच अंकातल्या त्याच्या दुसऱ्या गोष्टीत झटापटीत त्याचाच सुरा त्याच्या छातीत घुसतो आणि तो मरतो, असं ठरलं होतं. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना वाटलं, इतकं चांगलं पात्र वाया कशाला घालवायचं? त्यांनी शेवटी एक चौकट वाढवायला लावली आणि हा माणूस जगणार, असं डॉक्टरच्या तोंडून वदवून घेतलं. त्याच अंकात आणखी एका गोष्टीत बॅटमॅन विमानातून ट्रकवर मशीनगन चालवतो. जीव घेणं आपल्याला आवडत नाही, पण या वेळी इलाज नाही, असंही म्हणतो. वर्षभर आधी, त्याच्या अगदी पहिल्या गोष्टीत, गुन्हेगार त्याच्या ठोशाने ॲसिडच्या टाकीत पडला होता आणि अशा माणसाला असाच शेवट शोभतो, असं आपला नायक थंडपणे बोलून गेला होता. मशीनगनचं प्रकरण एल्सवर्थना रुचलं नाही. त्यांनी लेखक बिल फिंगर यांना समज दिली. बॅटमॅनच्या हातातली बंदूक गेली आणि माणसं मारणंही बंद झालं.

म्हणजे खलनायकाने मरायचं नाही आणि नायकाने मारायचं नाही, हे दोन्ही हुकूम एकाच टेबलावरून, जवळपास एकाच वेळी सुटले. पहिला धंद्यासाठी, दुसरा अब्रूसाठी. याबद्दल माझी तक्रार नाही. आईवडिलांना गोळ्या घातलेल्या पाहणारा मुलगा मोठेपणी बॅटमॅन होतो आणि बंदुकीला हात लावत नाही, ही जोड नंतर इतकी चपखल बसली की ती वरून आलेली आहे हे आता सांगूनही पटत नाही.

तक्रार आहे ती पुढच्या हिशेबाबद्दल. १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्सची झाडाझडती झाली. सरकारी बडगा येण्याआधी प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड नावाची नियमावली लावून घेतली. रक्तपात हद्दपार झाला. प्रत्येक गोष्टीत सज्जनांचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा सक्तीची झाली. त्या वर्षांतला जोकर म्हणजे चोऱ्यामाऱ्या करणारा एक वात्रट इसम. त्याला न मारण्यात मोठेपणा कसला? पाकीटमाराला फाशी दिली नाही म्हणून कुणी न्यायाधीशाचा सत्कार करत नाही. मग १९७३ मध्ये डेनी ओ'नील आणि नील ॲडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केलं. चांगलंच केलं, गोष्टींना धार आली. १९८८ मध्ये तर एकाच वर्षात त्याने पोलीस आयुक्ताची मुलगी बार्बरा गॉर्डन हिला गोळी घालून चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन, जेसन टॉड, याला मारलं. त्या वेळी टेलिफोनवर आमचा कौल घेतलात. ५३४३ मतं जेसनने मरावं म्हणून पडली, ५२७१ त्याने जगावं म्हणून. हात आमचेही स्वच्छ नाहीत, कबूल. पण जोकरचं काय करायचं हे तुम्ही आम्हाला कधी विचारलं नाहीत.

शिशुपालाचे शंभर अपराध पोटात घालायचा शब्द कृष्णाने दिला होता आणि तो पाळलाही. पण शंभर म्हणजे शंभर. तुमच्याकडे आकडाच नाही. खलनायकाचे गुन्हे चढत्या भाजणीने वाढवायचे, पुढच्या अंकात मागच्यापेक्षा जास्त प्रेतं, आणि नायकाचा नियम मात्र त्या वात्रट चोराच्या मापाचा ठेवायचा, हे तुम्हीच केलंत. मग 'का मारत नाही' म्हणून वाचक चिडले की त्याच्या तोंडी एक व्याकूळ स्वगत घालायचं. नायकाच्या सदसद्विवेकावर सगळा भार टाकून तुम्ही मोकळे. जोकर जिवंत आहे कारण तो खपतो. हे खुल्या दिलाने मान्य केलंत तर निम्मा वाद जागीच मिटेल.

उरलेला निम्मा खरा आहे. त्यावर माझं मत सांगतो.

सुपरहिरोने मारू नये. पण याचं जे कारण तुम्ही देता ते मला पटत नाही. 'एकदा मारलं की थांबता येणार नाही' हे तुमचं लाडकं कारण. त्यावर २०१३ पासून एक आख्खी मालिका आणि व्हिडिओ गेम उभा आहे: पत्नी लोइस मेल्यावर सुपरमॅन जोकरला मारतो आणि बघता बघता जगाचा हुकूमशहा होतो. गोष्ट म्हणून रंगते, पण युक्तिवाद म्हणून पोकळ आहे. युद्धावरून परतलेले असंख्य सैनिक घरी येऊन साधं आयुष्य जगतात. स्वसंरक्षणात एखाद्याच्या हातून माणूस मेला तर तो दुसऱ्या दिवशी सिंहासन मागत नाही. एका खुनाने हुकूमशहा होणारा माणूस आधीपासूनच तसा असला पाहिजे. आणि सुपरमॅन तसा असेल, तर प्रश्न जोकरला मारण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

माझं कारण वेगळं आहे, आणि तेही तुमच्यापाशीच येऊन थांबतं. तुमच्या गोष्टीत नायकाची चूक होत नाही. तिसऱ्या पानावर खलनायकाने बॉम्ब ठेवलेला आम्ही पाहिलेला असतो. अकराव्या पानावर नायक त्याची गचांडी धरतो तेव्हा तो अपराधी आहे याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नसते, कारण आम्ही देवाच्या जागी बसून वाचत असतो. ती खात्री तुम्ही आम्हाला फुकट देता आणि आमच्याकडून ती नायकाकडे जाते. मुखवटा घातलेला, कुणालाही उत्तर न देणारा, अपिलाची सोय नसलेला एकटा माणूस रात्री ठरवणार की हा जगणार आणि हा मरणार, आणि त्याचा अंदाज दरवेळी बरोबर निघणार! इतकं अचूक न्यायालय मला एकही माहीत नाही.

वंडर वुमनचं उदाहरण घ्या. २००५ मध्ये ग्रेग रकांनी लिहिलेला २१९ वा अंक. मॅक्सवेल लॉर्ड या खलनायकाने सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतलेला. त्याच्या हातून बॅटमॅन जवळजवळ मेलेला, आता तो वंडर वुमनवर तुटून पडलेला. ती लॉर्डभोवती आपला पाश टाकते, ज्यात सापडलेल्याला खोटं बोलता येत नाही, आणि विचारते, सुपरमॅनला तुझ्या तावडीतून सोडवायचं कसं? तो म्हणतो, मला मारून. ती त्याची मान मोडते. माझ्या मते तिचं बरोबर होतं. धोका समोर, चालू, दुसऱ्या सगळ्या वाटा बंद. पुढे त्या घटनेचं चित्रण मागचंपुढचं काहीही न दाखवता जगभर प्रसारित झालं, आणि सुपरमॅन व बॅटमॅन दोघांनीही तिच्याकडे पाठ फिरवली. सुपरमॅनने फिरवावी हे मला आजही लागतं. ज्याच्यासाठी केलं त्यानेच!

तरी एक बघा. ही गोष्ट उभी राहते ती त्या पाशावर. दुसरा मार्ग आहे का, या प्रश्नाचं शंभर टक्के खरं उत्तर देणारं यंत्र तिच्या हातात होतं. ते काढून घ्या आणि तोच प्रसंग पुन्हा लिहून पाहा. लॉर्ड खोटं बोलत असेल तर? त्याला बेशुद्ध करून भागलं असतं तर? तीच वंडर वुमन, तीच मान, पण वाचक दोन्ही बाजूंनी तुटून पडले असते. इतका अवघड प्रसंग उभा करून रकांना शेवटी खात्रीची सोय ठेवावी लागली.

सुपरमॅनच्या हातूनही तुम्ही मारवलं आहे. १९८८ मधला २२ वा अंक, लेखक-चित्रकार जॉन बर्न. सुपरमॅनच्याच ग्रहावरचा गुन्हेगार जनरल झॉड आणि त्याचे दोन साथीदार यांनी एका वेगळ्या विश्वातली अख्खी पृथ्वी निर्मनुष्य केलेली. सुपरमॅनने त्यांच्या शक्ती आधीच काढून घेतल्या होत्या. ते तिघे हतबल कैदी होते, फक्त तोंडाने धमकावत होते की शक्ती परत मिळवू आणि तुझ्या पृथ्वीवर येऊ. त्या जगात न्यायालय उरलं नव्हतं, तुरुंग नव्हता, माणूसच नव्हता. सुपरमॅनने त्यांच्या जातीला जीवघेणं असलेलं हिरवं क्रिप्टोनाइट उघडलं आणि तिघांना मरू दिलं. २०१३ च्या सिनेमात त्याने झॉडची मान मोडली तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण तिथे निदान एक कुटुंब पुढच्या क्षणी जळणार होतं. बर्न यांची गोष्ट त्याहून फार कठीण आहे. तिथे नायक पकडलेल्या माणसांना शिक्षा देतो. न्यायाधीश तोच, जल्लादही तोच.

मला ती गोष्ट आवडते, कारण तिने ते झाकलं नाही. पुढच्या अंकांत सुपरमॅनचं मन फाटत गेलं. नकळत तो रात्री दुसऱ्याच एका नायकाचं सोंग घेऊन फिरायला लागला. ते लक्षात आल्यावर आपण इथे राहणं धोक्याचं आहे असं ठरवून त्याने पृथ्वी सोडली आणि अंतराळात निघून गेला. एका निर्णयाचं ओझं कितीतरी अंक वाहिलं गेलं. असं लिहिणार असाल तर नायकाच्या हातून मृत्यू झाला तरी मी अंक फाडणार नाही.

पण बहुतेक वेळा तुम्ही तिसरीच वाट काढता, आणि खरा राग मला तिचा आहे. १९७३ मध्ये आपल्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, मारणाऱ्या ग्रीन गॉब्लिनला स्पायडरमॅन बेदम मारतो, अगदी जीव घेण्याच्या टोकाला जातो आणि थांबतो. इथे गोष्ट संपली असती तर ती थोर होती. पण नाही. लगेच गॉब्लिनचंच ग्लायडर, म्हणजे त्याचं उडतं वाहन, मागून येतं, स्पायडरमॅन बाजूला होतो आणि ते गॉब्लिनच्या छातीत घुसतं. नायकाचे हात कोरडे, आमची सूडाची तहान भागलेली. (१९९६ मध्ये तो जिवंत परतला, हे वर आणखी.) तेव्हापासून किती खलनायक कड्यावरून घसरले, स्वतःच्याच स्फोटात जळले, नदीत पडले आणि प्रेत सापडलं नाही, याची गणती नाही. नायकाने मारू नये असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर खलनायकाला जिवंत पकडून द्या. मरावा असं वाटत असेल तर नायकाला मारायला लावा आणि त्याच्याकडून त्याची किंमत वसूल करा. दैवाला भाड्याने आणू नका.

तीच गोष्ट किरकोळ गुंडांची. मुख्य खलनायकाच्या जिवाबद्दल आठ पानं तळमळणारा नायक वाटेत पाच-सहा पहारेकऱ्यांना जिन्यावरून फेकतो, त्यांचं पुढे काय झालं? नाव नसलेल्याचा जीव मोजायचा नाही, असा काही नियम आहे का? आणि १९८६ मध्ये तुम्ही कॅप्टन अमेरिकाला दहशतवाद्यावर गोळी झाडायला लावलीत. गोळी पटण्यासारखीच होती, समोर ओलीस मरत होते. पण पुढे त्याच्या तोंडून वदवलंत की याआधी मी कधी कुणाचा जीव घेतला नव्हता. अख्खं दुसरं महायुद्ध लढलेला माणूस! आम्ही हसावं की काय करावं तेच कळेना.

आता पनिशर, गुन्हेगारांना सरळ ठार मारणारा तुमचा नायक. त्याच्यावर बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. मारणारा नायक कसा दिसतो हे दाखवायला एक तरी पात्र हवं. पण १९७४ मधली त्याची पहिली गोष्ट आठवा. गेरी कॉनवे यांनी त्याला आणला तेव्हा तो कुणाच्या मागे लागला होता? स्पायडरमॅनच्या. जॅकल नावाच्या खलनायकाने त्याचे कान भरले होते आणि हा धडधडीत निरपराध माणसाला मारायला निघाला होता. म्हणजे पहिल्याच खेपेला नेम चुकीच्या माणसावर! कॉनवेंना या माणसाचा दोष नेमका कळला होता. पुढे त्याला स्वतःच्या नावाचे अंक मिळाले आणि ती चूक हळूहळू पुसली गेली. आता तो ज्याला ज्याला मारतो तो तो दोषीच निघतो, कारण त्याच्याआधी तुम्ही चौकशी उरकलेली असते.

याचा परिणाम कागदावर राहिला नाही. अमेरिकेत खऱ्या पोलिसांनी आणि सैनिकांनी त्याच्या कवटीचं चिन्ह गाड्यांवर, पोशाखांवर मिरवलं. खुद्द कॉनवेंनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. २०१९ च्या एका अंकात तुम्ही पनिशरकडूनच पोलिसांना सुनावलंत, आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा, म्हणून त्यांचं स्टिकर फाडायला लावलंत. बरं केलंत, पण फार उशिरा. त्या पोलिसांनी तुमच्याकडून चिन्ह उचललं. तुमच्या लेखकाची खात्री त्यांना कुठून मिळणार होती?

किंमत वसूल करणं तुम्हाला जमत नाही असं नाही. १९८० मध्ये एक्स-मेनमधल्या जीन ग्रेने डार्क फिनिक्स होऊन अब्जावधी जीवांची वस्ती असलेला ग्रह नष्ट केला. लेखकांच्या मनात होतं की तिची शक्ती काढून घ्यावी आणि तिला जगू द्यावं. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले: एवढ्या संहारानंतर ती सुखाने घरी जाऊ शकत नाही. शेवट बदलला, जीन मेली, आणि एक्स-मेनचा १३७ वा अंक आज इतकी वर्षं लोकांच्या लक्षात आहे. एल्सवर्थप्रमाणे शूटरही संपादकच. एकाने पात्र खपतं म्हणून वाचवलं, दुसऱ्याने पात्र खपत असूनही सोडलं. मग १९८६ मध्ये तुम्ही जाहीर केलंत की ती जीन नव्हतीच, खरी जीन समुद्राच्या तळाशी एका कोशात झोपली होती. वसूल झालेली किंमत व्याजासकट परत.

म्हणून मागण्या करताना मी जपून करतो, कारण तुम्ही सगळं फिरवू शकता हे माहीत आहे.

पहिली म्हणजे, नायकाच्या नियमाचा भार एकट्या नायकावर टाकू नका. अरखम हे वेड्या गुन्हेगारांना कोंडायचं इस्पितळ १९७४ पासून तुमच्या पानांवर आहे. तिथून जोकर इतक्या वेळा कसा सुटतो? कुलूप कुणी उघडलं, कुणाला निलंबित केलं, महापौराला कुणी प्रश्न विचारला? आपण करतो ते चूक आहे हे ज्याला पक्कं कळतं आणि त्यातच ज्याला मजा वाटते, त्याला दरवेळी वेडा ठरवून सोडणाऱ्या न्यायालयात नक्की काय चालतं? बॅटमॅनने त्याला पकडून दिलं, इथे त्याचं काम संपलं. पुढचं काम ज्यांचं, त्यांना कधी तरी गोष्टीत आणा. न्यायव्यवस्था सतत नापास दाखवायची आणि मग नायक कायदा हातात घेत नाही म्हणून त्याला भ्याड ठरवू द्यायचं, हे बरं नाही.

दुसरी, नायकाच्या हातून कुणी मेलं तर ते मरण किमान तुमच्या पुढच्या उलथापालथीपर्यंत तरी टिकू द्या.

तिसरी माझी खरी इच्छा आहे. १९९६ मध्ये चक डिक्सन आणि ग्रॅहम नोलन यांनी एक गोष्ट केली होती. विषारी टपाल तिकिटं चाटून माणसं मरतात, संशय जोकरवर जातो, खटला उभा राहतो आणि पहिल्यांदाच त्याला मृत्युदंड होतो. शहर खूश, पोलीस खूश, जोकरसुद्धा प्रसिद्धीने हरखलेला. एकट्या बॅटमॅनला कळतं की हा गुन्हा त्याने केलेला नाही. गप्प बसला असता तर कायद्यानेच काम झालं असतं, त्याचा नियमही शाबूत राहिला असता. पण तो वणवण करून खरा गुन्हेगार शोधतो आणि जोकरला विजेच्या खुर्चीवरून उठवतो.

अशा गोष्टी इतक्या कमी का? प्रत्येक मुखवटेवाल्याला निदान एकदा तरी चुकीच्या माणसाच्या गळ्यावर हात ठेवायला लावा, आणि तिसऱ्या पानावर आम्हाला काही दाखवू नका. हातातला माणूस दोषी आहे की नाही हे त्यालाही माहीत नसावं, आम्हालाही नसावं. मग त्याने काय करावं ते लिहा. ज्या अंकात हे असेल तो मी दोन प्रती घेऊन वाचेन, एक माझ्यासाठी आणि एक माझ्याशी इतकी वर्षं भांडणाऱ्या मित्रासाठी.

कळावे,

आपला एक जुना वाचक